गोचिडाचं औषध, मांजरीचे झटके आणि पायपेरोनिल ब्युटॉक्साइड

रुग्ण: देशी मांजर, मादी, नसबंदी झालेली, वय तीनच्या आसपास, वजन ३.२ किलो. घरातलं नाव गुंडी. त्याच घरात ब्रुनो नावाचा लॅब्राडॉर, वय सहा, वजन ३४ किलो. ठिकाण नाशिक, पावसाळा सरता सरता. नावं बदलली आहेत, घरच्यांची परवानगी आहे. औषधाचं आणि दुकानाचं नाव गाळलंय, कारण हेच दोन घटक असलेल्या बाटल्या बाजारात एकाहून जास्त आहेत आणि गोष्ट घटकांची आहे.

तक्रार अशी: "सकाळपासून कान फडफडवतेय. पंखा लावला तरी दचकतेय. आणि मागचे पाय झटकत चालतेय, ओल्यात पाय पडल्यासारखी."

मांजर पाळणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवावं. कोरड्या फरशीवर चालताना मांजर पंजा उचलून झटकत असेल, कान एकेकटे थरथरत असतील आणि पाठीवरची कातडी लाटेसारखी हलत असेल, तर पायरेथ्रॉइड गटाच्या कीटकनाशकाचा संशय सगळ्यात आधी घ्यायचा. टेबलावर ठेवली तेव्हा गुंडीचं हे सगळं चालू होतंच. शिवाय तोंडातून लाळ, बाहुल्या मोठ्या आणि ताप १०४.८. हा ताप जंतुसंसर्गाचा नव्हता. स्नायू सतत थरथरत राहिले की अंग असं तापतं. तपासत असतानाच तिला पहिला झटका आला.

पुढचं सांगण्याआधी एक. तोंडाला फेस आणि घरात कीटकनाशक, एवढं ऐकलं की आपल्याकडे हात सवयीने अ‍ॅट्रोपीनच्या कुपीकडे जातो, कारण ग्रामीण भागात वर्षानुवर्षं बघितलेली विषबाधा म्हणजे ऑर्गेनोफॉस्फेटची. तिथे बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, नाडी मंदावते, जुलाब लागतात, छातीत घरघर ऐकू येते. इथे बाहुल्या ताटल्या झाल्या होत्या, नाडी धावत होती, छाती स्वच्छ होती. पायरेथ्रॉइडच्या विषबाधेवर अ‍ॅट्रोपीन उतारा नाही, आणि आधीच धावणाऱ्या नाडीला ते आणखी पळवतं. ती कुपी बाजूलाच राहिली.

माहिती काढणं

झटका इंजेक्शनने आटोक्यात आला आणि मग प्रश्न सुरू झाले. काय खाल्लं? काही नाही. बाहेर जाते? नाही, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. उंदराचं औषध? घरात नाही. झुरळांचा फवारा? गेल्या दिवाळीत मारला होता. घरातल्या बाई, म्हणजे ज्यांनी मांजर आणली त्या, अगदी खात्रीने सांगत होत्या आणि त्या खरंच बोलत होत्या.

सुगावा वासाने लागला. मानेमागच्या केसांना घासलेटासारखा वास येत होता आणि तिथले केस चिकटून त्यांच्या वाती झाल्या होत्या. पाण्यात मिसळून वापरायच्या बऱ्याच कीटकनाशकांमध्ये पेट्रोलियमपासून काढलेलं द्रावक असतं, त्याचा हा वास. "काकू, कुत्र्याला काही लावलंत का?" असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ब्रुनोला काल गोचिडाचं औषध लावलं. पण ते ब्रुनोला. हिला कशाला लावू?"

सासूबाई सोबत आल्या होत्या. त्या दाराशी स्टुलावर बसून होत्या, तिथूनच म्हणाल्या, "अगं, बादलीत उरलं होतं ना थोडं. हिच्या पण अंगावर पिसवा पळत होत्या. फडकं पिळून पुसली मी तिला." आणि थोड्या वेळाने, अजून हळू आवाजात: "मानेवर फार होत्या, तिथे बाटलीतलं बोटावर घेऊन चोळलं जरासं."

आजींना कुणी एक शब्द बोललं नाही हे चांगलं झालं. उपचाराच्या दृष्टीने त्यांचं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं होतं. विषबाधेची माहिती अशी थराथराने निघते, आणि घरच्यांना दोष लागेल असं वाटलं तर खालचा थर कधीच निघत नाही.

मुलाला फोन करून बाटली मागवली. लेबलावर दोन नावं: परमेथ्रिन २० टक्के, म्हणजे पायरेथ्रॉइड गटातलंच एक, आणि पायपेरोनिल ब्युटॉक्साइड ४० टक्के. जनावरं आणि कुत्र्यांसाठी, लिटरभर पाण्याला दोन मिलि. मांजरांवर वापरू नये हा इशारा होता, पण खोक्यातल्या घडीच्या कागदावर, इंग्रजीत, आणि खोका दुकानातच टाकलेला. दुकानदाराने तोंडी सांगितलेलं प्रमाण होतं बादलीला दोन झाकणं. बाटलीच्या झाकणात सिरिंजने पाणी भरून मोजलं तर अकरा मिलि मावत होतं. बादली अर्धीच भरलेली, म्हणजे पाच-साडेपाच लिटर पाणी. द्रावण लेबलावर सांगितल्याच्या दुप्पट कडक झालं होतं.

तरीही खरा घात बादलीतल्या पाण्याने केला नसावा. ते कितीही कडक झालं तरी परमेथ्रिन एक दशांश टक्क्याच्या आतच होतं. बोटावर घेतलेलं "जरासं" मात्र न मिसळलेलं होतं. २० टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम. जेमतेम एक मिलि गेलं असं धरलं तरी ३.२ किलोच्या मांजरीला किलोमागे ६० मिलिग्रॅमहून जास्त झालं, त्यात फडक्याचं वेगळं, आणि मांजर अंग चाटते त्यामुळे कातडीवरचं पोटातही गेलं. किलोमागे १०० मिलिग्रॅम अंगावर पडलं तर मांजराच्या जिवाला धोका होऊ शकतो असं मानलं जातं. गुंडी त्याच्या अलीकडे असायला हवी होती. मग झटके एवढे जोरात का, हा प्रश्न तिथे उभा राहिला, आणि लेबलावरचं दुसरं नाव त्याच प्रश्नाशी जोडलेलं आहे.

उपचार

डोस मुद्दाम लिहीत नाही. हे घरी करायचं काम नाही.

झटके आणि थरथर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झटक्यांना डायझेपाम किंवा मिडाझोलाम लागू पडतं, पण थरथर त्याने पूर्ण जात नाही. थरथरीसाठी स्नायू सैल करणारं मेथोकार्बामॉल सगळ्यात चांगलं, पण त्याचं इंजेक्शन ऐन वेळी आपल्याकडे मिळणं मुश्कील असतं. गोळ्या मात्र कोणत्याही मेडिकलमध्ये मिळतात, माणसांच्या पाठदुखीच्या. शुद्ध हरपलेल्या मांजरीच्या तोंडात गोळी घालता येत नाही, म्हणून ती कुटून सलाइनमध्ये कालवून गुदद्वारातून दिली. ही पद्धत पशुवैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहे आणि चालते. मधूनमधून प्रोपोफॉल हे भुलीचं औषध थोडं थोडं द्यावं लागलं.

मग आंघोळ. झटके थांबल्याशिवाय आंघोळ घालायची नाही, आणि थांबल्यावर फार उशीरही करायचा नाही. भांडी घासायचं द्रवरूप साबण, कोमट पाणी, दोनदा. परमेथ्रिन तेलात विरघळतं, नुसत्या पाण्याने हलत नाही. पाणी गरम असेल तर कातडीचा रक्तपुरवठा वाढतो आणि विष जास्त शोषलं जातं. पाणी गार असेल तर दुसरी अडचण. पायरेथ्रॉइड गटाची मज्जातंतूंवरची पकड थंडीत घट्ट होते. शरीराचं तापमान उतरलं की तेवढंच विष जास्त त्रास देतं. १०४.८ वरून आलेलं अंग ओलं होऊन ९८ ला पोचायला फार वेळ लागत नाही, आणि ताप उतरला म्हणून आनंद मानणाऱ्याला तासाभरात थरथर परत आलेली दिसते. गुंडीला टॉवेलात गुंडाळून, थर्मामीटर हाताशी ठेवून, १०१ च्या आसपास राखलं.

विसाव्या शतकात नसलेला एक उपाय आता आहे: शिरेतून स्निग्ध द्रावण. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सलाइनमधून चरबी देण्यासाठी वापरतात तेच २० टक्क्यांचं पांढरं दुधासारखं द्रावण. तेलात विरघळणारं विष रक्तातल्या या चरबीत ओढलं जातं आणि मज्जातंतूंच्या वाट्याला कमी येतं, असा त्यामागचा विचार. ते बालरुग्णालयाजवळच्या मेडिकलमधून आणावं लागलं. ते दिल्यानंतर प्रोपोफॉलची गरज झपाट्याने कमी झाली.

गळ्यात प्लास्टिकची कॉलर, कारण शुद्धीवर येताच मांजरीचं पहिलं काम अंग चाटणं. अंधारी खोली, मोबाइल बंद, दार हळू लावणं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने सुकट खाल्ली. कान त्यानंतरही थोडे फडफडत राहिले, मग तेही थांबलं. यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या ठीक आल्या.

सगळ्यांचं असं होत नाही. लंडनच्या पशुविष माहिती सेवेने २००७ साली परमेथ्रिनचे मानेवर टाकायचे थेंब लागलेल्या २८६ मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यातली साधारण दहातली एक दगावली होती.

"नेटवर तर ते मिठाहून सौम्य दिसतंय"

घरी नेताना मुलाने बाटली हातात घेऊन प्रश्न विचारला. तो इंजिनिअर, त्याने रात्रभर वाचलं होतं. "डॉक्टर, यात दुप्पट तर हे पायपेरोनिल आहे. आणि ते निरुपद्रवी आहे. उंदराला किलोमागे साडेचार ग्रॅमहून जास्त दिलं तेव्हा निम्मे उंदीर मेले. मिठाचा तोच आकडा तीन ग्रॅम आहे. मग दुकानदार सौम्य म्हणाला ते चूक कसं?"

आकडे त्याने बरोबर वाचले होते. पायपेरोनिल ब्युटॉक्साइड एकटं दिलं तर फार काही करत नाही, किड्यालाही नाही. ते कीटकनाशक म्हणून टाकलेलंच नसतं. ते दुसऱ्याचं काम पुरं होऊ देण्यासाठी असतं, ज्याला औषधशास्त्रात सिनर्जिस्ट म्हणतात.

पायरेथ्रमच्या, म्हणजे पायरेथ्रॉइडच्या फुलांपासून मिळणाऱ्या नैसर्गिक भावंडाच्या, फवाऱ्याने झुरळ उलटं पडतं, पाय झाडतं, आणि आपण झाडू आणायला जाईपर्यंत पळून जातं, हे पुष्कळांनी पाहिलं असेल. विष मज्जातंतूंच्या सोडियमच्या वाटा उघड्या धरतं म्हणून झुरळ पडतं. पण त्याच्या शरीरात सायटोक्रोम पी-४५० नावाची विकरं (एन्झाइम) असतात, ती विषाचे तुकडे करून टाकतात, आणि मात्रा कमी असेल तर झुरळ सावरतं. पायपेरोनिल ब्युटॉक्साइडच्या रेणूत एक मिथिलीनडायऑक्सी कडं आहे. विकर त्याला चावायला जातं आणि त्या चाव्यातून तयार झालेला तुकडा विकराच्या मधोमध असलेल्या लोहाला घट्ट चिकटून बसतो. विकर निकामी. मोरीच्या तोंडाशी बोळा बसल्यावर नळ तेवढाच सुटला तरी पाणी तुंबतं, तसं विष तेवढंच असून शरीरात साठून राहतं. पडलेलं झुरळ मग उठत नाही.

त्यामुळे लेबलावर त्याचा टक्का मोठा असण्यात नवल नाही. उवांच्या औषधांसाठी अमेरिकेत जे प्रमाण ठरवून दिलंय त्यात पायरेथ्रिन (पायरेथ्रममधला मारक घटक) ०.१७ ते ०.३३ टक्के आणि पायपेरोनिल ब्युटॉक्साइड २ ते ४ टक्के, म्हणजे दहापटीहून जास्त. कृत्रिम पायरेथ्रॉइडसोबत हे गुणोत्तर बरंच खाली येतं. मोठा आकडा साथीदाराचा आणि छोटा मारणाऱ्याचा, हे माहीत नसलेल्याला लेबल उलटंच वाचता येतं. या घरात तसंच झालं: मोठ्या आकड्याचं नाव शोधलं, ते निरुपद्रवी निघालं, म्हणून बाटली निरुपद्रवी.

आता मांजर. पी-४५० विकरं किड्यांचीच मक्तेदारी नाही. आपल्या, कुत्र्याच्या, मांजराच्या यकृतातही त्यांचं घराणं आहे. पायपेरोनिल ब्युटॉक्साइड सस्तन प्राण्यांतही ती काही काळ दाबतं. उंदरांमध्ये हा परिणाम स्पष्ट दिसतो, माणसांना थोड्या मात्रेत दिल्यावर दिसला नाही. घुशी-उंदरांना चालतं तेवढं चालेल असं प्रत्येक प्राण्याबद्दल गृहीत धरता येत नाही, आणि मांजर तर या बाबतीत आधीच कमजोर आहे. बहुतेक प्राणी पायरेथ्रॉइडचे तुकडे झाल्यावर त्यांना ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून लघवीवाटे बाहेर टाकतात. हे जोडकाम करणाऱ्या विकरांपैकी एकाचं जनुक मांजरवर्गात मोडलेलं आहे, वाघ-सिंहांतही तसंच. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीदेखील मांजराला मारू शकते त्याचं कारणही हेच.

म्हणजे गुंडीच्या शरीरात विष बाहेर टाकायच्या साखळीतली नंतरची कडी जन्मापासून ढिली होती, आणि बोटावर घेतलेल्या त्या थेंबांत आधीची कडी दाबणारं रसायन मारणाऱ्या रसायनाच्या दुप्पट होतं. तिच्या झटक्यांत पायपेरोनिलचा नेमका वाटा किती, ते दवाखान्यातल्या रक्त तपासणीतून निघत नाही. पण मांजरांच्या बाबतीत सिनर्जिस्ट असलेल्या मिश्रणाचं मोजमाप केवळ परमेथ्रिनच्या मिलिग्रॅमवर करू नये, असं माझं मत आहे, आणि या प्रकरणाने ते पक्कं झालं. ब्रुनोला त्याच बादलीने आंघोळ घातली होती, तीही दुप्पट कडक द्रावणाने. त्याला काही झालं नाही. त्याचं यकृत दोन्ही कड्या शाबूत असलेलं.

तिळाची गोष्ट

हे रसायन आलं कुठून ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातल्या तेलापासून आहे.

पायरेथ्रम म्हणजे शेवंतीच्या कुळातल्या एका पांढऱ्या फुलाची भुकटी. दुसऱ्या महायुद्धाआधी जपान तिचा मोठा उत्पादक होता, नंतर ती जागा केनियाने घेतली. महाग आणि तुटपुंजा माल, त्यामुळे कमी फुलांत जास्त किडे कसे मारता येतील याचा शोध चालू होता. १९४० च्या सुमारास अमेरिकेत ध्यानात आलं की पायरेथ्रमसोबत इतर कुठलंही तेल घातलं तर विशेष फरक पडत नाही, पण तिळाचं तेल घातलं की फवाऱ्याची मारक ताकद वाढते. त्यावर पेटंटही निघालं. त्यामागचा घटक सेसमिन असल्याचं पुढे दाखवलं गेलं, आणि तिळातच असलेलं सेसमोलिन त्याहून जोरकस निघालं. दोघांच्याही रेणूत तेच मिथिलीनडायऑक्सी कडं. महायुद्धात अमेरिकी सैनिकांना डासांसाठी दिलेल्या पहिल्या फवारा-डब्यांत पायरेथ्रम होतं आणि तिळाचं तेलही होतं.

मग रसायनतज्ज्ञ ते कडं असलेले रेणू स्वतः बनवू लागले. १९४७ साली हर्मन वॉक्स यांनी पायपेरोनिल ब्युटॉक्साइडचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि तेव्हापासून ते टिकून आहे. कच्चा माल सॅफ्रोल, जो ससाफ्रास जातीच्या झाडांच्या तेलातून मिळतो. याच सॅफ्रोलपासून नशेच्या गोळ्याही बनवता येतात म्हणून १९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार त्याच्या व्यापारावर पहारा आहे. कुत्र्याच्या गोचीड-औषधाचा कच्चा माल अमली पदार्थ बनवायच्या रसायनांच्या यादीत सापडतो, हे ऐकून मुलगा पहिल्यांदा हसला.

आजींनी मात्र कामाचा प्रश्न विचारला: "मग नुसतं तीळतेल लावलं तर पिसवा मरतील का?" मरणार नाहीत. तिळातला घटक विकराला अडवतो, मारत नाही. आणि तेलाने माखलेली मांजर सगळं तेल चाटून पोटात घेईल आणि सोफ्यावर ओकेल.

गोचीड मेलेच नाहीत

या सगळ्यात ब्रुनोचे गोचीड तसेच होते. दुप्पट कडक द्रावण, सोबत सिनर्जिस्ट, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी कानाच्या आत पुन्हा तेच तपकिरी मणी.

याची कारणं दोन, आणि दोन्ही महत्त्वाची. पहिलं कारण प्रतिकारशक्तीचं. गोचीड पायरेथ्रॉइडला दाद देईनासा होतो तो मुख्यतः दोन वाटांनी. एक, विष फोडणारी विकरं तो भरमसाट बनवायला लागतो. तिथे पायपेरोनिल ब्युटॉक्साइड उपयोगी पडतं, कारण ते नेमकं तेच अडवतं. दोन, विष जिथे बसतं त्या सोडियमच्या वाटेचाच आकार बदलतो. मग विष न फुटता तसंच राहिलं तरी त्याला बसायला जागा नसते, आणि सिनर्जिस्ट कितीही ओता, फरक पडत नाही. प्रयोगशाळेत हाच फरक उलटा वापरतात: गोचिडांच्या एका गटाला नुसतं विष, दुसऱ्याला विष अधिक पायपेरोनिल. दुसऱ्या गटात मृत्यू लक्षणीय वाढले तर दोष विकरांचा. भारतात गाईंच्या गोचिडावर डेल्टामेथ्रिन या दुसऱ्या पायरेथ्रॉइडच्या बाबतीत अशा चाचण्या झालेल्या आहेत. घरी मात्र कुणी अशी चाचणी करत नाही. औषध लागू पडत नाही म्हटलं की झाकण वाढतं. एक झाकणाची दोन झाकणं याच रस्त्याने होतात, आणि दुसऱ्या वाटेचा प्रतिकार असेल तर वाढलेल्या झाकणाचा त्रास गोचीड सोडून घरातल्या बाकी सगळ्यांना होतो.

दुसरं कारण गोचिडाच्या राहणीचं. कुत्र्यावर दिसतो तो तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पितो आणि तिन्ही वेळा उतरून जातो. उरलेला सगळा काळ तो भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, पलंगाच्या सांध्यात असतो. त्याला वर चढायची ओढ असते, म्हणून तो छताजवळ सापडतो. एक मादी हजारांच्या हिशेबात अंडी घालते, आणि पूर्ण वाढलेला उपाशी गोचीड वर्षभर तग धरू शकतो. कुत्रा धुवून काढला तरी घर धुतलेलं नसतं. या घरात बाल्कनीच्या कपाटामागे प्लास्टर सुटलेलं होतं. टॉर्च मारल्यावर त्या फटीत दाटीने बसलेली पिल्लं दिसली, मोहरीहून बारीक.

ब्रुनो गेले काही दिवस जिना चढताना दमतो असं बोलता बोलता निघालं. रक्त तपासलं तर प्लेटलेट ६८ हजार, एर्लिकियाची चाचणी पॉझिटिव्ह. गोचीड-ताप. त्याला डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. खरं तर दवाखान्यात आधी यायला हवं होतं ते त्याने.

पुढची आखणी

ब्रुनोला तोंडावाटे द्यायची आयसोक्साझोलिन गटाची गोळी दिली. या गोळ्या २०१३-१४ पासून बाजारात आल्या. गोचीड चावतो, रक्त पितो, मरतो, आणि कुत्र्याच्या अंगावर मांजरीने चाटण्यासारखं काही उरत नाही. एकत्र राहणाऱ्या कुत्र्या-मांजरांच्या घरात मला हा फायदा सगळ्यात मोठा वाटतो. दोष नाहीत असं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली या गटाबद्दल मज्जासंस्थेच्या त्रासाचा इशारा दिला आहे, त्यामुळे फिट येण्याचा इतिहास असलेल्या कुत्र्याला देताना विचार करावा लागतो. ब्रुनोला तसा इतिहास नव्हता.

गुंडीच्या पिसवांसाठी मांजरांकरता बनवलेले सेलामेक्टिनचे थेंब, तेही ती पूर्ण बरी झाल्यानंतर. तोवर बारीक दातांची फणी आणि साबणाचं पाणी.

घरासाठी आधी गवंडी, मग फवारणी. फटी सिमेंटने बुजवल्या, ब्रुनोची गादी उकळत्या पाण्यातून काढली. फवारणी करणाऱ्याला घटक आधी विचारायचे, आणि परमेथ्रिन असेल तर फरशी आणि भिंती खडखडीत कोरड्या होईपर्यंत मांजर दुसऱ्या घरी. कोरड्या थराचा धोका ओल्यापेक्षा पुष्कळ कमी असतो.

सिनर्जिस्ट वाईट असं यातून कुणी काढू नये. पायपेरोनिल ब्युटॉक्साइडमुळे कमी विषात काम होतं. मलेरियाच्या मच्छरदाण्यांत, जिथे डास नुसत्या पायरेथ्रॉइडला भीक घालेनासे झाले तिथे, ते घातलेल्या जाळ्यांनी टांझानियातल्या मोठ्या चाचणीत फरक दाखवला आहे. मांजरांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही फवाऱ्यांतही ते अल्प प्रमाणात नैसर्गिक पायरेथ्रिनसोबत असतं आणि सांगितल्याप्रमाणे वापरलं तर सहसा सोसतं. माझा आक्षेप आहे तो मिलिलिटरच्या भाषेत बनवलेलं औषध झाकणाच्या भाषेत विकण्याला, आणि मांजराचा इशारा फेकून दिल्या जाणाऱ्या कागदावर छापण्याला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे २००८ या एका वर्षात पिसवा-गोचिडाच्या थेंबांबद्दल ४४ हजारांहून जास्त घटना कळवल्या गेल्या. त्यातल्या बहुतेक किरकोळ होत्या, पण गंभीर घटनाही होत्या आणि कुत्र्याचं औषध मांजराला लावणं हे त्यांतलं ठळक कारण निघालं. २०१० साली संस्थेने कुत्र्याचं आणि मांजराचं औषध लेबलावर ठळकपणे वेगळं दिसावं आणि वजनाचे गट अधिक बारीक असावेत असं सांगितलं. आपल्याकडे या बाटल्या जनावरांच्या औषधांच्या दुकानात, पेंडीच्या पोत्यांशेजारी मिळतात, आणि विकणारा गाईच्या हिशेबाने सांगतो. चारशे किलोच्या गाईला जे झाकण चालतं तेच झाकण तीन किलोच्या जिवाच्या घरात येतं.

मुलाने दुकानदाराला जाऊन सांगितलं. दुकानदार वाईट माणूस नव्हता. आता तो बाटलीला रबर लावून त्यात मार्करने "मांजर नको" लिहिलेली चिठ्ठी आणि सुईशिवायची पाच मिलिची सिरिंज अडकवून देतो. ब्रुनोच्या प्लेटलेट डॉक्सिसायक्लिनचा कोर्स संपेपर्यंत दोन लाखांच्या वर गेल्या. बाल्कनीत अधूनमधून एखादा गोचीड अजून दिसतो. काकू तो चिमट्याने उचलून स्पिरिटच्या बाटलीत टाकतात आणि पुढच्या भेटीत मला मोजायला आणून देतात.